घोड्याच्या तबेल्यात काय अंथरायचं? तणस, टरफल की लाकडाचा भुसा. चंद्रपूर-गडचिरोलीतलं गणित समजून घ्या

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नागभीड, ब्रह्मपुरी, मूल किंवा देसाईगंजच्या बाजूला गेलात तर एकच दृश्य दिसतं. धानाच्या बांध्या रिकाम्या झालेल्या, कडेला पुंजणे रचलेले, मळणी यंत्राचा आवाज आणि घराघरामागे तणसीचे पिवळे ढीग. नेमकी याच वेळी तुळशीची लग्नं उरकतात आणि लग्नसराई सुरू होते. वरातीच्या घोड्या कामाला लागतात. बॅन्ड, फटाके, डांबरी रस्ता यात रात्री अकरा-बारापर्यंत उभी राहिलेली घोडी परत तबेल्यात येते, तेव्हा तिच्या पायाखाली काय असतं?

बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं, काहीच नाही. सिमेंटची जमीन किंवा ओली माती. गाई-म्हशींच्या कोठ्यात चालतं ते घोड्यालाही चालेल, असं गृहीत धरलेलं असतं. पण घोड्याचे पाय, फुफ्फुसं आणि पोट या तिन्ही गोष्टी गाईपेक्षा वेगळ्या आहेत आणि तबेल्यातल्या अंथरुणाचा या तिन्हींशी थेट संबंध येतो.

घोडा तर उभ्यानेच झोपतो ना?

अर्धं खरं. घोड्याच्या पायात स्नायुबंधांची अशी रचना असते की सांधे जागच्या जागी पक्के होतात आणि फारशी ताकद न लावता तो उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. पण गाढ झोपेचा जो टप्पा असतो, ज्यात शरीराचे सगळे स्नायू सैल पडतात, तो उभ्याने पूर्ण होत नाही. त्यासाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसाला साधारण अर्धा ते एक तास, तोही तुकड्या-तुकड्यांत. एवढं त्याला पुरतं.

गंमत अशी की जमीन कडक, ओली किंवा निसरडी असेल तर घोडा आडवा होतच नाही. पडताना-उठताना चारशे किलोचं अंग सांभाळायचं असतं, त्यामुळे तो धोका पत्करत नाही. असे बरेच दिवस गेले की उभ्या उभ्या त्याचा डोळा लागतो आणि पुढचे पाय अचानक दुमडतात. घोड्याच्या पुढच्या गुडघ्यांवर किंवा खुराच्या वरच्या सांध्यावर समोरून खरचटल्याच्या जुन्या खुणा दिसत असतील तर त्यामागे अनेकदा हे कारण असतं. मालकाला वाटतं, रस्त्यात ठेच लागली असेल.

मूत, अमोनिया आणि बंद दार

सुमारे ४५० ते ५०० किलो वजनाचा घोडा दिवसाला साधारण ९ लिटर मूत आणि १५ ते २० किलो लीद टाकतो. वरातीतल्या लहान चणीच्या घोड्या यापेक्षा कमी टाकतात, पण प्रमाण तेच. लीद उचलता येते. मूत मात्र जमिनीत, फटीत, अंथरुणात मुरतं. त्यातल्या युरियावर जिवाणू काम करतात आणि अमोनिया तयार होतो. सकाळी तबेल्याचं दार उघडल्यावर डोळ्यांत झोंबतो तो हाच.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत हा प्रश्न जास्त गंभीर होतो आणि त्याचं कारण आहे वाघ आणि बिबट्या. ताडोबाच्या आजूबाजूला किंवा ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांत जनावर रात्री उघड्यावर बांधणं म्हणजे आमंत्रणच. त्यामुळे दार बंद, खिडकी बंद, वर पत्रा. जनावर सुरक्षित राहतं, पण अमोनियाला बाहेर जायला वाट उरत नाही. हा वायू जमिनीलगत तयार होतो, त्यामुळे तिथेच त्याचं प्रमाण सर्वात जास्त असतं. आडवा पडलेला घोडा किंवा शिंगरू नेमकं तिथेच नाक टेकवून असतं.

म्हणून वास तपासायचा तर उभ्याने नाही. पहाटे तबेल्यात शिरून घोड्याच्या छातीच्या उंचीपर्यंत खाली बसायचं आणि श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर अंथरूण कमी पडतंय किंवा हवा खेळत नाहीये. उपाय म्हणून भिंतीच्या वरच्या भागात, छताला लागून, मजबूत लोखंडी जाळीचे झरोके समोरासमोर ठेवता येतात. बिबट्या आत येत नाही आणि वायू बाहेर जातो. हे केलं नाही तर कितीही महागडं अंथरूण घातलं तरी निम्मं काम बाकीच राहतं.

ओल्या अंथरुणाचा दुसरा फटका खुराला बसतो. खुराच्या तळाशी मधोमध मऊ, त्रिकोणी भाग असतो. सतत ओल आणि लीद यात राहिला की तो सडतो, काळपट पडतो आणि त्याला घाण वास येतो. वेळीच साफसफाई झाली नाही तर घोडा लंगडतो.

तणस: घरचीच, पण डोळे झाकून नको

धानाच्या पट्ट्यात सगळ्यात सहज मिळणारं अंथरूण म्हणजे तणस. कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात याला पेंढा म्हणतात. तणस मऊ असते, थंडीत ऊब धरते, तिची जाड गादी होते आणि वापरून झाल्यावर खत होतं. कोरडा पेंढा साधारणपणे त्याच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरतो. म्हणजे ९ लिटर मूत शोषायला हिशेबाने साडेचार किलो तरी कोरडी तणस रोज नवी लागणार. प्रत्यक्षात जास्तच लागते, कारण मूत एकाच जागी पडतं आणि बाजूची तणस कोरडीच राहते.

आता अडचणी. पहिली म्हणजे घोडा ती खातो. गाईला चार कप्प्यांचं पोट आहे, रवंथ आहे. घोड्याला दोन्ही नाही. तणसीत सिलिका भरपूर आणि पोषण कमी असतं. भुकेल्या घोड्याने रात्रभर तीच चघळली तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होऊ शकतो आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे काही तासांत जिवावर बेतणारी गोष्ट. घोड्याला उलटी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. उपाय साधा आहे. नवी तणस पसरण्याआधी घोड्याचं पोट चांगल्या वाळल्या चाऱ्याने भरलेलं हवं आणि पाणी समोर हवं. तरीही एखादी घोडी अंथरूण खातच असेल तर तिच्यासाठी तणस सोडून दुसरं काही पाहावं लागतं.

दुसरी अडचण बुरशीची, आणि ही जास्त फसवी आहे. कापणीच्या किंवा मळणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की ओली तणस तशीच ढिगात जाते. बाहेरून पिवळीधमक, आतून गरम आणि पांढरी-काळी. ती झटकली की धूळ उडते, आणि या धुळीत बुरशीचे सूक्ष्म बीजकण असतात. घोडा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने नाही, आणि त्याच्या फुफ्फुसांना ही धूळ फार लवकर बाधते. त्यातून घोड्यांचा दमा होतो. सुरुवातीला फक्त खोकला, मग विश्रांतीतही नाकपुड्या फुलवून आणि पोट आत ओढून श्वास. एकदा जडला की तो पूर्ण जात नाही, धुळीपासून लांब ठेवूनच सांभाळावा लागतो. बुरशी लागलेली तणस म्हशींनाही चांगली नाही. उत्तर भारतात असा पेंढा खाल्ल्याने म्हशींचे कान, शेपटी आणि पायाचं टोक सडण्याचा आजार पशुवैद्यक ओळखून आहेत, त्याला डेगनाला म्हणतात. त्यामुळे ‘खायला नको, अंथरायला चालेल’ हा हिशेब बुरशीच्या तणसीला लावायचा नाही.

तपासायचं कसं? ढिगाच्या आत कोपरापर्यंत हात घालायचा. गरम किंवा ओलसर लागलं तर नको. मूठभर तणस उन्हात नेऊन झटकायची. धुरासारखा लोट उठला तर नको. वास कुबट असेल तर तपासण्याचीही गरज नाही.

यंत्राचाही फरक पडतो. मळणी यंत्रातून आलेली तणस लांब आणि तुलनेने स्वच्छ असते. हार्वेस्टरने कापलेल्या बांधीतून गोळा केलेली तणस तुटलेली असते आणि तिच्यात चिखलाची माती मिसळलेली असते. दोन्हींचा भाव सारखा लावला जात असेल तर अर्थातच पहिली घ्यावी.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. या भागात तणस म्हणजे कचरा नाही. बैल आणि म्हशी उन्हाळाभर तिच्यावरच जगतात. मे महिन्यात चांगली तणस घोड्याच्या पायाखाली घालताना शेजारच्या शेतकऱ्याला वाईट वाटणं साहजिक आहे. जनावरांनी खाऊन उरलेले जाड देठ उन्हात कडक वाळवून अंथरायला वापरणं हा जुना आणि शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त ते खरोखर वाळलेले असावेत.

राईस मिलमधलं टरफल: स्वस्त, पण शोषत नाही

इथे आधी एक गोंधळ दूर करायला हवा. राईस मिलमधून दोन गोष्टी निघतात. एक धानाचं बाहेरचं कडक टरफल आणि दुसरा तांदळावरचा कोंडा. धानाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा टरफल असतं, म्हणजे १०० किलो धानामागे २० किलो. मूल, सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरी या पट्ट्यात गिरण्या भरपूर, त्यामुळे टरफलाला तोटा नाही. कोंबड्यांच्या शेडमध्ये ते सर्रास पसरतात.

घोड्यासाठी मात्र त्याचा उपयोग मर्यादित आहे. टरफलावर सिलिकाचं जणू कवच असतं. त्यामुळे ते कुजत नाही, पण पाणीही फारसं धरत नाही. मूत त्यातून खाली झिरपतं आणि जमिनीवर साचतं. बारीक टरफल डोळ्यांत जातं, खाल्लं गेलं तर पचत नाही. खाली टरफलाचा पातळ थर आणि वर तणस असं मिश्रण मात्र चालू शकतं, विशेषतः मुरमाच्या किंवा उताराच्या जमिनीवर, जिथे खाली झिरपलेलं मूत वाहून जातं.

कोंडा अंथरायचा नाहीच. तो खाद्य आहे, ओलीत लगेच आंबतो, आणि घोड्याने तो भरमसाट खाल्ला तर फॉस्फरस वाढून हाडांमधलं कॅल्शियम कमी होतं. अशा घोड्यांच्या तोंडाची हाडं फुगतात.

आरागिरणीचा भुसा: सागवान म्हणून भुलू नका

बल्लारपूरचा लाकूड डेपो देशभर माहीत आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी आणि नव्या संसद भवनासाठी याच भागातलं सागवान गेलं. साहजिकच आरागिरण्यांत भुशाचे ढीग असतात आणि तो स्वस्तात मिळतो.

लाकडाच्या भुशाचे दोन प्रकार ओळखा. करवतीखाली पडतो तो पिठासारखा बारीक भुसा. रंधा मारताना निघतात ते पातळ, गुंडाळलेले पापुद्रे. जगभरातल्या रेसच्या तबेल्यांत वापरतात ते दुसऱ्या प्रकारचे, आणि तेही बहुतेक पाईनसारख्या मऊ लाकडाचे. ते धूळ कमी करतात, घोडा ते खात नाही आणि ओला भाग पटकन दिसतो. बारीक भुसा मात्र श्वासात जातो, आणि खुराच्या खाचांत ठासून बसून खूर कोरडा पाडतो किंवा ओला असेल तर सडवतो.

सागासारखं कठीण लाकूड मऊ लाकडापेक्षा कमी पाणी शोषतं. शिवाय सागाच्या धुळीने सुतारांच्या कातडीला खाज आणि पुरळ येतं, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. त्यामुळे सागाचा बारीक भुसा बंद तबेल्यात वापरणं योग्य नाही. कुठल्या लाकडाचा भुसा आहे हे विचारल्याशिवाय घेऊच नये, याला एक भक्कम कारण आहे. अमेरिकेत काळ्या अक्रोडाचे पापुद्रे अंथरुणात मिसळले गेले की एका दिवसाच्या आत घोड्यांच्या खुरांना आतून सूज येते आणि ते उभे राहू शकत नाहीत, हे अनेकदा दिसून आलं आहे. ते झाड आपल्याकडे नाही. पण ‘लाकूड तर लाकूड’ असं नसतं, एवढं त्यावरून कळतं. प्लायवूड, रंगवलेलं किंवा वाळवी न लागण्यासाठी रसायन मारलेलं लाकूड यांचा भुसा पूर्णपणे टाळावा.

फर्निचरच्या कारखान्यातून भुसा आणत असाल तर त्यात खिळे आणि तारेचे तुकडे असतात. घोडा धनुर्वाताला अतिशय संवेदनशील प्राणी आहे. पोत्यातून काढलेल्या भुशावर एकदा चुंबक फिरवणं आणि घोड्याची धनुर्वाताची लस वेळेवर असणं, दोन्ही हवं.

बाकीचे पर्याय

वरोरा, भद्रावती, राजुरा या कापूस-सोयाबीनच्या बाजूला सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार मिळतं. ते टोचतं, धूळ उडवतं, आणि घोड्यापेक्षा बैलाच्या पोटात गेलेलं बरं. गव्हाचा पेंढा मिळाला तर तो तणसीपेक्षा सरस, कारण घोडे तो कमी खातात आणि तो लवकर दबत नाही. या दोन जिल्ह्यांत तो थोडाच मिळतो.

नदीची वाळू थंड आणि मऊ वाटते. पण घोडा जमिनीवर सांडलेले दाणे टिपताना वाळू गिळतो, ती आतड्यात साचते आणि पुन्हा पोटशूळ. बांबूच्या कामातून निघणाऱ्या सालपटांना धारदार कडा असतात, ती नकोतच.

जंगलातला पालापाचोळा फुकट आहे म्हणून अनेकांना आकर्षक वाटतो. त्यात गोचीड, विंचू आणि काटे येतात. पाल्यासोबत बिब्ब्याची फळं आली तर वेगळाच ताप. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात, हे या भागात लहान पोरालाही माहीत असतं. शिवाय व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून पाला आणणं कायद्यात बसत नाही.

रबराच्या मॅट शहरातल्या क्लबमध्ये वापरतात. त्या टिकतात आणि सिमेंटवर घोड्याच्या पायांना आराम देतात, पण त्या मूत शोषत नाहीत. वर थोडं अंथरूण घालावंच लागतं.

पावसाळ्यातला खरा धोका: माशी

गडचिरोलीत पावसाळा म्हणजे चार महिने ओल. तणस वाळत नाही, भुसा दमट होतो. आणि मूत-लीद मिसळलेल्या ओल्या पेंढ्यात एक खास माशी वाढते. दिसायला घरमाशीसारखी, पण सोंड पुढे आलेली आणि चावून रक्त पिणारी. घोड्याच्या पायांवर ती बसते, घोडा सारखा पाय आपटत राहतो. उष्ण हवेत अंड्यापासून माशी तयार व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणजे महिनाभर न काढलेलं अंथरूण हा माश्यांचा कारखानाच.

नुसतं चावणं असतं तर गोष्ट वेगळी. ही माशी आणि जंगलात आढळणाऱ्या मोठ्या चावऱ्या माश्या सर्रा नावाचा आजार पसरवतात. हा रक्तातल्या परजीवीचा आजार आहे. गाई-म्हशींमध्ये तो अनेकदा फारशी लक्षणं न दाखवता राहतो, पण घोड्यात ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, पाय आणि पोटाखाली सूज येते, आणि उपचार झाले नाहीत तर घोडा दगावतो. म्हशी आणि घोडी एकाच कोठ्यात, मध्ये ओला पेंढा, असं चित्र असेल तर आजाराला पूलच मिळतो. ताप चढ-उतार करत असेल आणि घोडी खंगत असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ततपासणी करून घेणं थांबवू नये. औषध आहे, उशीर झाला की मात्र अवघड जातं.

उंदरांचंही तसंच. कोपऱ्यात साचलेल्या तणसीत उंदीर येतात आणि उंदरामागे नाग, घोणस. म्हणून तणसीचा साठा तबेल्याच्या आत नाही, थोडा लांब आणि जमिनीपासून उंच माचीवर ठेवावा. आगीच्या दृष्टीनेही ते बरं.

अंथरायचं कसं?

जमिनीला नालीच्या दिशेने किंचित उतार हवा. त्यावर कोरड्या तणसीचा सहा इंचांचा थर. पायाने दाबल्यावर टाच जमिनीला टेकली तर थर कमी आहे. भिंतीकडेला थर आणखी उंच करायचा, कारण आडवा पडलेला घोडा लोळताना भिंतीला चिकटला की त्याचे पाय अडकतात आणि त्याला उठता येत नाही.

रोज सकाळी लीद आणि ओला भाग काढायचा, कोरडा भाग एका बाजूला सारून जमीन तासभर उघडी ठेवायची. घोडा बाहेर असताना हे काम करायचं, म्हणजे धूळ त्याच्या नाकात जात नाही. जुन्यावरच नवं टाकत राहण्याची पद्धत थंड प्रदेशात चालते, कारण खालचा थर कुजताना ऊब देतो. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात ती ऊब कोणालाच नको असते. उन्हाळ्यात थर पातळ ठेवला आणि रोज बदलला तरी चालतं.

ओल्या जागेवर चुना मारण्याची सवय अनेकांना आहे. कळीचा किंवा विरवलेला चुना कातडी आणि खूर भाजतो, तो थेट घोड्याखाली नको. त्यापेक्षा मातीची जमीन असेल तर मूत मुरलेली वरची माती उकरून नवा मुरूम भरणं जास्त उपयोगी पडतं.

काढलेलं अंथरूण तबेल्यापासून दूर खड्ड्यात टाकून झाकायचं. लीद आणि तणस यांचं मिश्रण चांगलं तापतं, त्या उष्णतेत माशीच्या अळ्या आणि जंतांची अंडी मरतात, आणि काही महिन्यांत खत तयार होतं. लाकडाच्या भुशाचं तसं होत नाही. त्यात कार्बन खूप जास्त असल्याने तो कच्चाच शेतात गेला तर कुजण्यासाठी मातीतलाच नत्र ओढून घेतो आणि धान पिवळं पडतं. भुसा वापरणाऱ्यांनी त्याचा खड्डा वेगळा ठेवावा आणि किमान वर्षभर तो उघडू नये.

तणसीचा खड्डा मात्र हिवाळ्यात भरायला घेतला तर मे अखेरीस खत बांधीत पसरायला तयार असतं. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची कोरडी तणस डिसेंबर-जानेवारीतच, ऊन कडक असताना आणि भाव उतरलेला असताना, माचीवर चढवून ताडपत्रीखाली झाकून ठेवावी लागते. जुलैमध्ये शोधायला निघालं तर मिळते ती बहुधा ढिगाच्या तळाची.